भाऊबीजेला गार्गीचं वाचन

मैत्रिणींनो, पाहुणे आत्ताच शेलूबाजारला परत गेले आणि मी तडक लिहायला बसले.

माझी नऊ वर्षांची गार्गी बोलताना अडखळते. शाळेत पोरं तिची नक्कल करायची, म्हणून आम्ही तिला इथे मालेगावात घरीच शिकवतो. दिवाळीत आमचा अभ्यास एवढाच, कुकरमध्ये नानखटाई भाजायची आणि ती होईपर्यंत तिनं मला गोष्ट वाचून दाखवायची.

आज भाऊबीजेला नणंदबाई दोन्ही मुलांना घेऊन आल्या. नानखटाई पाहून म्हणाल्या, "घरी बसून हेच शिकते काय ही? वाचून दाखव बरं, पाहू दे."

गार्गीनं हौसेनं पुस्तक आणलं. पहिल्याच ओळीत 'पाखरू' शब्दावर अडकली. "पा... पा..." लगेच दोन्ही पोरं "पा पा पा" करत तिच्याभोवती नाचायला लागली. मी ओरडले, तरी थांबली नाहीत.

नणंदबाई हसतच म्हणाल्या, "शाळेत असती तं मास्तरनं जीभ कवाच सरळ केली असती."

मी नवऱ्याकडे पाहिलं. शाळा सोडवायचा हट्ट त्याचाच होता. तो बहिणीपेक्षा मोठ्यानं हसत होता.

गार्गीनं ती ओळ पूर्ण केली, मगच पुस्तक मिटलं. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "आई, बाबाबी हसले. आता मी मनातच वाचीन."

नवरा म्हणतो, "मजाक होती. तू कायले मनावर घेतं?"

त्याचं मी पाहून घेईन. पण गार्गी आता पुस्तक उघडून बसलीय आणि तिचे ओठसुद्धा हलत नाहीत. तिनं पुन्हा मोठ्यानं वाचावं म्हणून मी काय करू?