एकशे वीसची घंटी

आमची गाडी जपानी बनावटीची, दोन हजार अकराची. नऊ वर्षांपूर्वी मी ती जुनी घेतली तेव्हा ब्याऐंशी हजार किलोमीटर चालली होती. आज आकडा तीन लाख एकोणनव्वद हजार आहे. एवढ्या प्रवासात तिने मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही. मागितलं फारसं काही नाही, बोलली मात्र भरपूर.

आखातात विकायच्या त्या काळच्या गाड्यांत एक खास सोय असायची. काटा एकशे वीसच्या पुढे गेला की डॅशबोर्डच्या आतून टिंग टिंग सुरू व्हायचं आणि काटा खाली येईपर्यंत थांबायचं नाही. ही घंटी बनवणाऱ्याला माणसाच्या स्वभावाची उत्तम जाण असावी. आवाज मोठा नाही, कर्कश नाही. लग्नात कुणी चमच्याने पेला वाजवत आपल्याकडेच बघत राहावं, तसा आहे.

मला आठवड्यातून दोन दिवस शारजाहून अबुधाबीच्या ऑफिसात जावं लागतं. दुबईची हद्द संपून अबुधाबीची लागली की रस्त्यावर एकशे चाळीसची पाटी येते. म्हणजे सरकारची हरकत नाही, पोलिसांची नाही, रडारची नाही. हरकत फक्त माझ्या गाडीची. एकदा मी मोजलं: मिनिटाला बावन्न टिंग. हद्दीपासून शहरापर्यंत चोवीस मिनिटं, म्हणजे बाराशे अठ्ठेचाळीस. येताना तेवढेच. घरी येऊन हा हिशेब सांगितला तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, की गाडी चालवताना मोजायला कुणी सांगितलं होतं. मग म्हणाली, एकशे पंधराने गेलात तर शून्य होतील.

या सूचनेत गणिताची चूक नव्हती, म्हणूनच ती मला आवडली नाही.

माझा मुद्दा वेगळा होता. गाडीचा मीटर खरा नव्हता. फोनवरच्या नकाशात वेग दिसतो, त्याच्याशी मी चार वेगवेगळ्या दिवशी ताडून पाहिलं. मीटर एकशे वीस दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात एकशे सोळाने जात असते. म्हणजे घंटी नुसती वाजत नव्हती, चुकीचं वाजत होती. घरातले सगळे गाडीत असले आणि टिंग सुरू झालं की मी ताबडतोब खुलासा करत असे, "खरे एकशे सोळा आहेत." सहा वर्षांत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं ते मात्र मोजलेलं नाही. मागच्या सीटवर मुलगी मोठी होत होती.

बायकोला ती घंटी मनापासून आवडायची. लग्नानंतर नवऱ्याला हळू चालवायला सांगण्याचं काम इतकी वर्षं तिने एकटीने केलं होतं. आता एक मदतनीस मिळाला होता, जो रुसत नव्हता आणि थकतही नव्हता. टिंग झालं की ती काही बोलायची नाही, नुसती खिडकीबाहेर बघायची. ते जास्त ऐकू यायचं.

शेवटी तीन वर्षांपूर्वी मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गेलो. तिथे रत्नागिरीकडचे एक वयस्कर इलेक्ट्रिशियन आहेत; सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही. तक्रार सांगायला सुरुवात केली तर त्यांनी मला पूर्ण बोलूही दिलं नाही. म्हणाले, दिवसाला दोन-तीन गाड्या याच कामाला येतात. डॅशबोर्डच्या कप्प्यामागे हात घातला, काडेपेटीएवढी एक काळी डबी ओढून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "खलास, साहेब." दहा मिनिटंही लागली नाहीत. ती डबी मी घरी आणून पाकिटात घातली, पाकिटावर 'गाडीची घंटी, चालू स्थितीत' असं लिहून तारीख टाकली आणि कपाटात ठेवली. वस्तू चालू असताना फेकायची नाही, अशी माझी पद्धत आहे. तिचा आपल्यालाच त्रास होत असला तरी.

त्यानंतरची तीन वर्षं अतिशय शांततेत गेली.

यंदा मुलगी एकोणीस वर्षांची झाली. अजमानच्या कॉलेजात शिकते. लायसन्स पहिल्याच परीक्षेत मिळवलं. तिच्या आईला तीन लागल्या होत्या आणि मला दोन, हे तिने दोन दिवसांत चार वेळा सांगितलं. मग तिला दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला, जबल अलीच्या एका कंपनीत चार महिन्यांचं ट्रेनिंग मिळालं. हवं होतं तेच काम, हवा होता तोच विभाग. अडचण एकच. हजेरी सकाळी साडेआठला, आणि शारजातल्या अल मजाजमधल्या आमच्या घरापासून बस, मेट्रो, पुन्हा बस असं करत तिथे पोचायला दोन तास वीस मिनिटं. एक दिवस मी स्वतः जाऊन घड्याळ लावून पाहिलं. गाडीने तेच अंतर पाऊण तासाचं, ट्रॅफिक लागला तर सव्वा. होकार गुरुवारपर्यंत कळवायचा होता. गाडी मिळाली तर ट्रेनिंग, नाही तर नकार. इतकं ते सरळ होतं.

बायको नाही म्हणाली. त्या रस्त्यावर, त्या ट्रकांमध्ये, नव्या लायसन्सवर, एकटी, नाही. मुलगी रडली नाही, वादही घातला नाही. आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आमच्या घरात ते वादापेक्षा वाईट असतं.

मंगळवारी जेवताना मी विषय काढला. म्हटलं, पोरगी जबाबदार आहे. बायको म्हणाली, पोरगी तुमच्या शेजारी बसून शिकली आहे. मग तिने एकेक घास खात चौकशी केली.

"घंटी काढल्यापासून वेगाचे दंड किती आले?"

खोटा आकडा सांगणं मला जमत नाही. शब्द इकडेतिकडे करता येतात, पण आकडा तोंडातून निघताना खराच निघतो. हा गुण आहे असं मी आजवर समजत होतो.

"पाच."

"आणि आधीच्या सहा वर्षांत?"

"एक. पण तो पार्किंगचा होता."

शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. नोंद अचूक असावी म्हणून मी ते जोडलं. मुलीने ताटावरून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाव, बाबा." बायकोने आमटी वाढली आणि निर्णय दिला: ती घंटी परत बसवा, शनिवारी मला मागे बसवून हिला त्या रस्त्याने नेऊन आणा, मग बघू. तोवर कंपनीला होकार कळवून ठेवायला हरकत नाही. नंतर नाही म्हणायला एक ईमेल पुरतो.

दुसऱ्या दिवशी मी पाकीट घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी पाकिटावरची तारीख वाचली, डबी बाहेर काढली, मग माझ्याकडे बघत राहिले.

"पंचवीस वर्षं झाली मला इथं," ते म्हणाले. "काढायला सगळी दुनिया आली. बसवायला आलेले तुम्ही पहिले."

मी मुलीचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि डबी जागेवर दाबली. मी सहज विचारलं, त्यांच्या स्वतःच्या गाडीतली घंटी त्यांनी कधी काढली. ते म्हणाले, "आमची? ती कशाला काढू? मला घरी जायचं असतं."

हे त्यांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर माझे पाच दंड वाचले असते. पण मी विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी निघालो. मुलगी स्टिअरिंगवर, मी शेजारी, बायको मागे मधोमध बसलेली, म्हणजे काटा दिसावा. मुलगी चांगली चालवत होती. आरसे बघत होती, अंतर ठेवत होती. मी ठेवतो त्याहून जास्त, हे मी मनात म्हटलं. परतीच्या वाटेवर एक सिमेंटचा ट्रक पुढे आला. तिने इंडिकेटर दिला, लेन बदलली, पाय दाबला.

टिंग. टिंग. टिंग.

तीन वर्षांनी तो आवाज ऐकून मी सवयीने आधी काट्याकडे पाहिलं. ट्रक मागे पडला तरी मुलीने पाय काढला नाही. समोर बघत, अगदी माझ्या सुरात, ती म्हणाली, "रिलॅक्स, मम्मा. इट्स ओन्ली वन-सिक्स्टीन. बाबांनी चेक केलंय."

घरात मराठीत बोल हे आमचं सांगणं तिने वर्षानुवर्षं मनावर घेतलं नव्हतं; माझं हे एक वाक्य मात्र इंग्रजीत करून जसंच्या तसं जपलं होतं. आरशात मला बायकोचा चेहरा दिसला. ती खिडकीबाहेर बघत होती.

ट्रेनिंग राहणार की जाणार, ते आता मी काय म्हणतो यावर होतं. खरं म्हणजे मुलीचं बरोबर होतं. काटा एकशे वीसच्या जरा पुढे होता आणि प्रत्यक्ष वेग एकशे सोळा-सतरा. माझी चार दिवसांची मोजमापं वहीत आहेत.

"आता नाही," मी म्हटलं. "चाचांनी बुधवारी मीटरही नीट करून दिलाय. दाखवतो तो खरा आहे."

तिने माझ्याकडे ओझरतं बघितलं. "ओह," म्हणाली, आणि पाय सैल सोडला. टिंग थांबलं. घरापर्यंत पुन्हा वाजलं नाही. खाली पार्किंगमध्ये बायको उतरली, तिने जास्तीची किल्ली पर्समधून काढून मुलीच्या हातात दिली आणि मला म्हणाली, मीटरचं काम चाचांनी फार छान केलंय हो. बायकोला किती कळलंय हे मी विचारलेलं नाही.

आता मुलगी सोमवार ते शुक्रवार गाडी नेते. अजून एकही दंड नाही. मी अबुधाबीला एका सहकाऱ्याच्या नव्या गाडीतून जातो. ती गाडी लेन सोडली की वाजते, पुढची गाडी जवळ आली की वाजते, सहकाऱ्याने जांभई दिली तर कॉफी घ्या म्हणते. तो मला विचारतो, त्रास होतो का. मी नाही म्हणतो.

मीटर अजून चार किलोमीटर जास्तच दाखवतो. मी जाणूनबुजून सांगितलेला तो पहिलाच खोटा आकडा, आणि मी तो इथे बिनधास्त लिहून ठेवतो आहे, कारण मुलगी मराठी वाचत नाही. याबद्दल आम्ही तिच्यावर इतकी वर्षं चिडत होतो. ट्रेनिंग संपेपर्यंत चिडणार नाही.