वटारच्या वळणावरचं बंदर

वटारच्या वळणावर, वाडीच्या फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसतात. बाजारातून परतणाऱ्याला ते काठी आडवी धरून थांबवतात, पिशवीतलं वांगं दाबून बघतात, भाव विचारतात आणि मगच सोडतात. एकदा मी वैतागलो, तर हसायला लागले.

"मी बोटीवर होतो ना, तेव्हा हॉलंडात डोर्ड्रेख्त बघितलं. नदीवरचं जुनं बंदर. पूर्वी तिथून जानाऱ्या होडीनं आधी माल उतरवून विकायला मांडायचा, मगच पुढं जायचं, असा कायदाच होता. त्याच्यावरच गाव मोठं झालं. थांबला की मानूस बोलतो, बाबा!"

परवा बाजार बंद होता. रिकाम्या हातानं परतत होतो. वळणाआधीच्या टपरीवर मुद्दाम चार केळी घेतली आणि पिशवी उघडीच धरून निघालो.