टेलरबाईंनी दात साफ करून घेतले

टेलरबाईंच्या तोंडाला विश्रांती म्हणून नव्हती. ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी गप्पा चालायच्या, आणि शिवण संपली की दोरा कचकन दातानेच तुटायचा. कात्री समोर पडलेली असायची, पण दात तिच्याहून जवळ.

मध्यंतरी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. घाबरून त्यांनी ब्रश नावापुरताच फिरवायला सुरुवात केली, आणि दातांच्या मुळाशी किटण चढत गेलं. त्यांच्या आईनेही असंच अंगावर काढलं होतं आणि ऐन उमेदीत तोंडाचं बोळकं करून घेतलं होतं. आपली ती गत होऊ द्यायची नाही, असं ठरवून एका सकाळी दुकानाला कुलूप लावून बाई दवाखान्यात जाऊन बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं किटण खरवडून काढलं. "थोडे दिवस ठणकेल," त्या म्हणाल्या. "कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा. फार गरम, गार, तिखट नको. ब्रश मऊ घ्या, पण बंद करू नका. आणि दोरा कात्रीने तोडत जा."

"दोऱ्याचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या पुढच्या दाताला खाच पडलीय, तिनं."

घरी थोरली नणंद आलेली होती. तिने बाईंचं तोंड उघडून पाहिलं. "वहिनी, फटी पडल्यात बघ. साफ केले की दात हलतात, मी आधीच म्हटलं होतं."

बाईंनी जीभ फिरवून पाहिली. फटी खरंच लागत होत्या. मनात पाल चुकचुकली, पण तर्क लढवत बसण्यापेक्षा त्यांनी सरळ दवाखान्यात फोन लावला.

"फटी आधीपासूनच होत्या, किटणाने बुजल्या होत्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सूज उतरली की हिरड्या घट्ट बसतील. सूज वाढली, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर लगेच या."

बाई निर्धास्त झाल्या. चुळा भरल्या, गार केलेला मऊ भात खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. नाटकवाल्यांच्या कपड्यांची ट्रायल होती. गार हवा दातांना झोंबत होती, म्हणून बाई तोंड मिटून होत्या. टाचण्या मनगटावरच्या गादीत खोचलेल्या. दुकानात इतकी शांतता कुणी पाहिली नव्हती.

नाटकातली नायिका जरा चाचरतच म्हणाली, "बाई, मागचा झगा काखेत फार काचायचा. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून यायचे, पण तुमच्या बोलण्यात फट सापडायची नाही."

बाईंना हसू फुटलं, आणि हसताना दातांत कळ उठली. गालाला हात लावत त्यांनी काखेची शिवण उसवली, कापड सैल केलं. "आता हात वर करा." नायिकेने दोन्ही हात उंच केले आणि मोकळा श्वास घेतला.

हळूहळू ठणका ओसरला. ब्रशला रक्त दिसेनासं झालं. बाईंचं बोलणं पूर्ववत सुरू झालं, फक्त माप घेताना आता त्या मध्येच थांबून विचारू लागल्या, "कुठे काचतंय का?"

एका दुपारी नणंदेचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तिने आवाज खाली आणला. "वहिनी, ती डॉक्टरीण फार दुखवते का गं?"

"थोडं दुखतं, वन्सं. मी येते बरोबर. उद्याच जाऊ."