वरचं वेगळं बांधलंय

वसतिगृहाच्या खाणावळीत कोठीची किल्ली वर्षानुवर्षं ज्यांच्या कमरेला लटकत होती, त्या बाईंना सगळे कोठीवाल्या मावशी म्हणत. त्या निवृत्त झाल्या, पण नाव काही निवृत्त झालं नाही. त्या कोठीत एक शब्द रोज चालायचा: वरचं. जेवणारी तोंडं मोजून धान्य काढायचं आणि त्यावर एक माप आणखी घालायचं, ते वरचं. उशिरा येणाऱ्यासाठी, कुणाच्या अचानक टपकलेल्या भावासाठी, किंवा ज्याला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त भूक लागली असेल त्याच्यासाठी. "वरचं काढलं का?" हे विचारल्याशिवाय मावशींनी कधी कोठीला कुलूप घातलं नाही.

अशा बाईच्या धाकट्या मुलीने बर्फाच्या उंच डोंगरावर जायचं ठरवलं. तेही कुठल्या कंपनीच्या मोहिमेतून नाही, तर आपलं आपण. सोबत एक मैत्रीण, पेशाने दातांची डॉक्टर. ना वाटाड्या, ना स्वयंपाकी. डोंगराच्या पायथ्याच्या तळापर्यंत खेचरं सामान नेणार, तिथून पुढे जे काय असेल ते दोघींच्या पाठीवर. धाकटी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि या डोंगरासाठी तिने वर्षानुवर्षं रजा साठवली होती. लोक लग्नासाठी रजा साठवतात, हे मावशींनी तिला ऐकवलं आणि अबोला धरला.

धाकटीही त्यांचीच लेक. दोनचार दिवस गप्प बसली आणि मग सहज म्हणाली, "आई, खाण्यापिण्याचं सामान तू बघशील का? आम्हाला काही ते नीट जमत नाहीये."

ही शुद्ध लबाडी होती. पण मावशी अलगद जाळ्यात सापडल्या.

बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मावशींनी बिस्किटांचे खोके फोडून पुठ्ठा फेकला, सूपच्या पुड्या फोडून एकत्र केल्या, आणि सकाळचं, चालतानाचं, संध्याकाळचं असे वेगवेगळे पुडे बांधले. उंचावर भूक मरते आणि गोडाची शिसारी येते, हे त्यांनी मुलीकडून खोदून खोदून काढून घेतलं आणि निम्मी चॉकलेटं बाजूला काढून खारे दाणे घातले. तिथे बर्फ वितळवल्याशिवाय पाण्याचा घोट मिळत नाही, म्हणजे गॅस संपला की पाणीही संपलं, हे कळल्यावर तर त्या गॅसच्या डब्यांना हात पुसून हात लावू लागल्या. वजन वाचवायला डॉक्टरीणबाईंनी दोन्ही टूथब्रशचे दांडे करवतीने कापले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "दातांची डॉक्टर ना गं तू? पेशंटांना सांगू नकोस म्हणजे झालं."

खटका उडायचा तो एकाच गोष्टीवरून.

"आई, जास्तीचं काही नको हं. एकूण एक वस्तू पाठीवर बसते."

"बरं बाई, नाही घालत."

त्यांनी शब्द पाळलाही, म्हणजे त्यांच्या हिशेबाने पाळला. एकेका मुक्कामाचं खाणं आणि गॅस ज्यांत भरला, त्या तीन पिशव्यांत चिमूटभर जास्त घातलं नाही. पण हाताचं वळण कुठे जाणार? त्यांनी एक पिशवी वेगळी भरली. बाजूला काढलेली चॉकलेटं, बेदाणे, आणि स्वतः विणलेले जाड मोजे. ही तळावरच्या तंबूत राहील, तिथवर खेचर नेईल, खेचराला काय जड! मग जाड काळ्या पेनाने एकेका पिशवीवर नावं घातली. पहिला मुक्काम. दुसरा मुक्काम. तिसऱ्या पिशवीवर 'शेवटचा मुक्काम' लिहायला पेन टेकवलं आणि परत उचललं. पोटच्या पोरीच्या सामानावर असले शब्द लिहायला हात धजेना. म्हणून त्यांनी लिहिलं, 'नंतरचं'. आणि वेगळ्या पिशवीवर, अर्थातच, 'वरचं'.

निघताना दारात मावशी म्हणाल्या, "वरचं वेगळं बांधलंय गं."

"बरं केलंस आई," धाकटी म्हणाली.

आपलं बोलणं समोरचीला नीट कळलं, याचं दोघींनाही समाधान होतं.

त्यानंतर मावशींनी दिवस कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. शेवटी एका दुपारी, त्या गॅलरीत कपडे वाळत घालत असताना, फोन आला. तळावरच्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन मागून धाकटी बोलत होती.

"आई, आम्ही तळावर परत आलो. दोघी धडधाकट आहोत."

"आणि शिखर?"

"नाही झालं." मग तिने विचारलं, "आई, वरचं म्हणजे काय?"

"वरचं म्हणजे जास्तीचं. आणखी काय असणार?"

मग धाकटीने काय झालं ते सांगितलं. मावशींच्या हातात ओला टॉवेल तसाच राहिला.

झालं होतं ते असं. 'नंतरचं' म्हणजे उतरून आल्यानंतरचं, असं समजून दोघींनी ती पिशवी तळावरच्या तंबूत ठेवली, आणि 'वरचं' मात्र इमानेइतबारे वर नेलं. आईने बांधलंय, ते उघडून काय बघायचं, असं धाकटीच म्हणाली होती. सगळ्यात वरच्या तंबूत पिशवी सोडली, तर आत चॉकलेटं, बेदाणे आणि मोजे. गॅसचा एकही डबा नाही. खालून आणलेल्या डब्यात होता नव्हता तेवढ्या गॅसवर कसंबसं दोघींच्या घशापुरतं पाणी झालं. सकाळी आभाळ स्वच्छ होतं, शिखर समोर दिसत होतं, आणि त्या दोघी उतरायला लागल्या.

मावशींना आधी काय वाटलं असेल, तर आनंद झाला. पोरगी खाली आली, सुटलो. मग त्या आनंदाची त्यांना इतकी लाज वाटली की त्या खाली बसल्या. जन्मभर त्यांच्या कोठीतून कुणी उपाशी गेलं नव्हतं, आणि आपल्याच लेकीच्या तोंडचं पाणी त्यांनी पळवलं होतं. आपल्या हाताने हे मुद्दाम तर केलं नसेल? त्यांनी स्वतःला खरंखरं विचारून पाहिलं. नाही, असं छातीठोकपणे सांगता येईना.

धाकटी घरी आली ती नाकाचं सालपट निघालेली, गाल बसलेले. डॉक्टरीणबाई पाठोपाठ पिशव्या घेऊन आत आल्या. "मी म्हणत होते उघडून बघू," त्या म्हणाल्या, "पण मोजे कामाला आले हं मावशी." त्यांच्या पायांत ते अजून होते. मावशींना हसू आलं नाही.

'नंतरचं' लिहिलेली पिशवी जशीच्या तशी परत आली होती. मावशींनी ती उघडली. गॅसचे डबे, खारे दाणे, सूप, सगळं त्यांनी रचलं होतं त्याच क्रमाने, कुणाचा हात न लागलेलं. परत आलेलं भरलं ताट त्यांना कधीच बघवत नसे.

"तुझी सगळी रजा मी वाया घालवली," त्या म्हणाल्या. "मला माफ कर बाळा."

धाकटी त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. "उघडून बघायला काय झालं होतं मला? चूक दोघींची आहे, आई."

मावशींनी पदराने डोळे पुसले. मग, वाट्टेल ते झालं तरी सामान आवरायचंच अशा बाईसारख्या, डबे एकेक करून पिशवीत परत लावू लागल्या.

"पुढच्या वेळी," त्या डबे लावता लावता म्हणाल्या, "नावं तू घाल. मी नुसतं बांधीन."

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. "काय म्हणालीस?"

"नावं तू घाल म्हटलं."

"त्याच्या आधी."

मावशींचा हात डब्यावर थांबला. त्यांना कळलं आपण काय बोलून बसलो ते. परत घ्यावं असं क्षणभर मनात आलंही.

"पेन कुठाय ते बघ आधी," त्या म्हणाल्या.