व्याह्यांच्या गाडीचे सव्वासहा इंच

गोंदिया जिल्ह्यात गाडी चालवणारे हजारो असतील; पण गाडीचा मान राखून, तिची परवानगी घेऊन, तिच्या कलाने चालवणारा मनुष्य एकच होऊन गेला आणि तो माझा व्याही होता. हे विधान मी विचारपूर्वक करीत आहे. त्यांच्याविषयी त्यांच्या फुलचूरपासून माझ्या देवरीपर्यंत जे किस्से सांगितले जातात, त्यांतील निम्मे खोटे आहेत आणि उरलेले अपुरे. विशेषतः गाडी धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, गेल्याचा किस्सा आमचे जावई, म्हणजे व्याह्यांचे थोरले चिरंजीव, प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ज्या रीतीने सांगतात, तो कानावर पडला की माझा घास घशाखाली उतरत नाही. जावई सद्गुणी आहेत; परंतु त्या दिवशी ते गाडीत नव्हते. मी होतो. शिवाय मी चौतीस वर्षे सरकारी नोकरीत जमीन मोजली आहे. कोणती वस्तू कोठून निघाली, कोठे पोहोचली आणि मधले अंतर किती फूट, हे निदान मला तरी कोणी शिकवू नये.

व्याह्यांची गाडी म्हणजे दुधाच्या सायीच्या रंगाची जुनी अँबेसेडर. एका तांदूळ गिरणीच्या मालकाकडून त्यांनी ती घेतली तेव्हाच ती वयात आलेली होती, आणि आमच्या मुलांच्या सोयरिकीच्या वेळी तर तिला घरातील ज्येष्ठ व्यक्तीचा दर्जा मिळाला होता. सकाळी ती लवकर सुरू झाली नाही तर व्याही रागावत नसत. बॉनेटवर तळहात ठेवून म्हणत, "घे बाप्पा, आरामानं उठ. आमाले घाई नाई." घाई बाकी सर्वांना असे. एकदा आमच्या नातीच्या बारशाला निघालो असता अशी समजूत घालण्यात पाऊण तास गेला आणि आम्ही पोहोचलो तेव्हा नाव ठेवून झाले होते. व्याह्यांनी पाळण्यापाशी जाऊन क्षमा मागितली. ती स्वतःच्या नव्हे, गाडीच्या वतीने.

या गाडीचे इंडिकेटर कित्येक वर्षांपूर्वी निवर्तले होते. डावा कधी लागत नसे आणि उजवा एकदा लागला की विझत नसे, म्हणून व्याह्यांनी दोघांनाही सेवेतून मुक्त करून हातांची व्यवस्था लावली होती. उजवीकडे वळताना ते स्वतः हात बाहेर काढत. डावीकडची जबाबदारी डाव्या बाजूला बसणाऱ्याची, मग तो पाहुणा असो की नवरदेव. बहुधा ती विहीणबाईंकडे असे. मागच्या खिडकीतून हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला की फुलचूरच्या सायकली, म्हशी आणि शाळकरी मुले आपोआप थांबत. मागील पासिंगच्या वेळी परिवहन कार्यालयातील निरीक्षकाने याबद्दल हटकले, तेव्हा व्याही ताठ उभे राहून म्हणाले होते, "साहेब, आमचे पूर्वज माळव्यातून इतक्या दूर आले. त्याईच्या घोड्याले इंडिकेटर होते का?" निरीक्षक शांतपणे म्हणाला, "घोड्याला पासिंग लागत नव्हतं, काका."

आणि स्टिअरिंग! त्याच्या दांड्याची आतून इतकी झीज झाली होती की चाक फिरवल्यावर गाडीला ती बातमी बऱ्याच विलंबाने कळे. मी पट्टी लावून मोजले आहे: चाकाच्या कडेवर सव्वासहा इंच मोकळे फिरे, त्यानंतर पुढची चाके हालत. जावई 'फूटभर' म्हणतात. ते अतिशयोक्त आहे. व्याह्यांनी मात्र या सैलपणाशी असा संसार थाटला होता की त्यांच्या हाताखाली गाडी रेषेत चाले. घराच्या गल्लीत डावीकडे वळायचे असले तर ते पिठाच्या चक्कीपाशीच चाक फिरवू लागत आणि चाळीस पावले पुढे गल्लीच्या तोंडाशी गाडी बरोबर वळे. मी कारण विचारले तर म्हणाले, "मोठ्या मानसाले आयत्या वेळी नाई सांगाचं, इवाई. आदी सांगून ठेवाचं." व्याह्याला आमच्याकडे इवाईच म्हणतात.

असे सर्व सुरळीत चालले असताना पुढच्या पासिंगचे वर्ष उजाडले. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. नवे स्टिअरिंग आणि चालू इंडिकेटर नसतील तर या खेपेस कागदावर सही नाही, असे कार्यालयाने स्पष्ट सांगितले. जावयांनी पांढरी छोटी गाडी घेतलेलीच होती. त्यांनी भंगारवाल्याशी बोलणेही करून ठेवले. "बाबा, आता पुरे झालं. एखाद्या दिवशी कोणाले धडकाल," हे त्यांचे म्हणणे, आणि त्यात गैर काही नव्हते. पण पासिंगनंतर आठच दिवसांनी भाऊबीज होती. विहीणबाईंचे माहेर चिचगडला. थोरले भाऊ पक्षाघाताने वर्षभर खाटेवर होते, आणि त्यांना ओवाळायला जायचे तर बसने विहीणबाईंना गोंदिया सुटण्यापूर्वीच मळमळे. जावयांच्या बंद काचांच्या गाडीत तर त्या एकदा अर्ध्या वाटेवरून परतल्या होत्या. "त्या डब्यात माहा जीव घाबरते," त्या म्हणाल्या. "आपल्या गाडीत हवा लागते. यंदा भाऊ आहे. पुढल्या साली कोणाले पाहाले जाऊ मी?" दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने व्याही नागपूरला गेले आणि जुन्या सामानाच्या बाजारातून एक स्टिअरिंगचा दांडा, ज्याला मिस्त्री कॉलम म्हणतात, तो धोतरात गुंडाळून, मांडीवर आडवा घेऊन परत आले. रेल्वेतील लोकांनी ती बंदूक समजली, असे जावई सांगतात. कोणीही तसे समजले नाही. एका माणसाने फक्त जागा बदलली.

गोंदियाच्या मिस्त्रीने जुने चाक दोन बोटांनी इकडेतिकडे हलवून पाहिले आणि कपाळाला हात लावला. "बाबूजी, ये स्टेरिंग नहीं है, झूला है. आप चलाते थे कि झूलते थे?"

"दोनी," व्याही म्हणाले.

इंडिकेटरची दांडी चाकाच्या मधोमध होती आणि तिच्या तारा कॉलमच्या पोकळीतूनच खाली उतरत होत्या. "एक का ऑपरेशन होगा तो दूसरे का भी होगा," असे सांगून मिस्त्रीने तीन दिवस घेतले. ते तिन्ही दिवस व्याही शस्त्रक्रियागृहाबाहेर बसावे तसे स्टुलावर बसून होते. मिस्त्री हातोडा उचली तेव्हा ते डोळे मिटत. काम झाले, चाक बसले, दांडी वर केली आणि समोर पिवळा दिवा टिकटिक करीत उघडझाप करू लागला. व्याही गाडीत बसून बराच वेळ नुसती ती टिकटिक ऐकत राहिले. मग मला म्हणाले, "पाहा इवाई, कशी आपल्या मनानं बोलून राहिली!"

आता बांधीचा प्रसंग. मी पासिंगसाठी मुद्दाम देवरीहून येऊन त्यांच्याकडे उतरलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघेच गाडी घेऊन निघालो. ते चाकावर, मी डावीकडे. मोठ्या रस्त्यावर सर्व ठीक होते, कारण तेथे वळायचे नव्हते. परतताना पिठाची चक्की आली. व्याह्यांच्या हातांनी तीस वर्षांचा शिरस्ता पाळला आणि चाक डावीकडे फिरवले. परंतु आता सव्वासहा इंच मध्ये नव्हते. गाडीने तत्काळ आज्ञा पाळली. गल्ली चाळीस पावले पुढे होती आणि येथे होती पिकून उभी असलेली धानाची बांधी. बांधाचा धुरा ओलांडून गाडी एकवीस फूट आत गेली. जावई पन्नास म्हणतात. मी नंतर फीत धरून मोजले आहे; एकवीस.

इंजिन बंद पडले. इंडिकेटर तेवढा टिकटिक करीत होता. काचेवर धानाच्या लोंब्या टेकल्या होत्या.

"इवाई," व्याही हळूच म्हणाले, "गाडी माहं आयकत नाई आता."

"ऐकते म्हणूनच तर येथे आलो," मी म्हणालो.

बांधीचा मालक कमरेवर हात ठेवून धुऱ्यावर उभा होता. "काय पाटील, धान कापाले मशीन आणली का? मले सांगतलं असतं तं चहा मांडला असता." त्यानेच बैलजोडी लावून आम्हाला मागे ओढले, आणि नेमके त्याच वेळी जावई मोटारसायकलवरून तेथे अवतरले. त्यांनी गाडी पाहिली, वडिलांना पाहिले आणि हात पुढे केला. "बाबा, किल्ली द्या. आता पासिंग नाई न काई नाई."

मी व्याह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर स्वतःची भीती नव्हती. तेथे भाऊबीज होती, चिचगडची खाट होती, आणि भंगारवाला होता. ते माझ्या तोंडावर, माझ्या साक्षीने, स्वच्छ आवाजात म्हणाले, "मी काऊन नेईन बांधीत? इवाईनं चाक ओढलं."

वाचकहो, मी आयुष्यात तहसीलदारांचे चुकीचे बोलणे ऐकून घेतलेले नाही. माझ्या मोजणीवर हरकत घेणाऱ्याला मी तीन-तीन वेळा साखळी टाकून निरुत्तर केलेले आहे. त्या सकाळी मात्र मी धोतराला चिकटलेला चिखल झाडला आणि म्हणालो, "मला वाटले, समोर म्हैस आली." म्हैस नव्हती. जावयांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी अजून विसरलो नाही. पण सासऱ्याला काय बोलणार? हात मागे गेला, किल्ली व्याह्यांकडे राहिली. तेव्हापासून तो किस्सा माझ्या नावावर चढला आहे. व्याही हयात असेपर्यंत मी त्याचे खंडन केले नाही. आज करीत आहे.

मात्र फुकट आरोप सोसणारा मी नव्हे. त्याच दुपारी मी व्याह्यांना खळ्यावर नेले, मोजणीच्या झेंड्या रोवून वळणे आखली आणि फर्मावले, "चाक अगोदर फिरवायचे नाही. झेंडी खांद्याशी आली की फिरवायचे." पहिल्या दिवशी त्यांनी बहुतेक सर्व झेंड्या आडव्या केल्या. "तीस वर्षं हाताले जे शिकवलं, ते चार दिवसांत कसं भुलवू?" ते कळवळून म्हणाले. "हात विसरत नसतील तर डोळ्यांना शिकवा," मी ओरडलो. विहीणबाई ओसरीवरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, त्याईले रागावू नका. माहा उपास आहे त्याईच्यासाठी." चौथ्या दिवशी एकच झेंडी पडली आणि ती वाऱ्याने पडली, असा व्याह्यांचा दावा होता. मी तो मान्य केला.

पासिंगच्या दिवशी निरीक्षक मागे बसला, मी पुढे डावीकडे. व्याही घामाघूम झाले होते, पण चाक मोजून मापून फिरत होते. डावे वळण आले. त्यांनी दांडी दाबली, दिवा लागला, टिकटिक सुरू झाली आणि त्याच क्षणी डाव्या खिडकीतून एक हातही बाहेर आला. तो हात माझा होता, हे मी नाकारीत नाही. त्या गाडीत डावीकडे बसणाऱ्या कोणाही सभ्य माणसाचा तो आला असता. निरीक्षक गालातल्या गालात हसला, "काका, तुम्हालाही बदलावं लागणार का?" आणि त्याने सही केली. पाच वर्षे.

भाऊबीजेला मी देवरीहून त्यांच्याबरोबर चिचगडला गेलो. जंगलातून जाणारा तो सगळा रस्ता विहीणबाई काच खाली करून, पदर सांभाळीत, एकदाही लिंबू न हुंगता बसल्या होत्या. घरासमोर गाडी थांबली. भावाला बोलता येत नव्हते. पण इंजिनाचा आवाज ऐकून त्यांनी उशीवर मान वळवली होती, असे त्यांच्या पत्नीने सांगितले. विहीणबाईंनी खाटेवरच ओवाळले. भावाचा उजवा हात उचलला जात नव्हता, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने बहिणीच्या ताटातील सुपारी चाचपली, आणि अर्ध्या चेहऱ्याने का होईना, हसले. व्याही आत आले नाहीत. बाहेर गाडीची स्वच्छ काच पुसत उभे होते.

त्या हिवाळ्यातच भाऊ गेले. पाच वर्षांचे पासिंग पुरे होण्याआधी व्याहीही गेले. पण त्यापूर्वीची एक गोष्ट जावई कधीच सांगत नाहीत, कारण त्यांना ती ठाऊकच नाही.

भाऊ गेल्यानंतरच्या भाऊबीजेला सकाळी माझ्या देवरीच्या घरापुढे ती सायीच्या रंगाची गाडी येऊन थांबली. विहीणबाई ताट घेऊन उतरल्या. व्याही म्हणाले, "इवाई, हे दोन दिवसांपासून जेवून नाई राहिली. घरी बसवत नोयतं. म्या म्हटलं, चाल, देवरीले जाऊ." माझ्या पत्नीने पाट मांडला, भोवती रांगोळी ओढली. मला सख्खी, चुलत, मानलेली, कोणतीच बहीण नव्हती. पाटावर बसण्याची रीत अडुसष्टाव्या वर्षी मला ठाऊक नव्हती, आणि मी भलत्याच दिशेला तोंड करून बसलो. विहीणबाईंनी ताट खाली ठेवले, माझ्या दोन्ही खांद्यांना धरले आणि पूर्वेकडे वळवले.

मी वळलो. वाद घातला नाही.