छताला पावणं म्हणणारा

आमच्या नकाशा विभागात ड्रोनच्या फोटोंवरून शहरातली छतं ओळखून त्यांत रंग भरणारा एक गडी आहे. पडद्यावरच्या प्रत्येक छताला तो मोठ्यानं विचारतो, "काय पावणं, स्लॅब का पत्रा?" शंका आली की मोटारसायकल काढून थेट त्या दारात जातो.

मागच्या आठवड्यात त्याच्या पडद्यावर माझंच घर आलं. गच्चीवर मी विनापरवाना पत्र्याची शेड मारली आहे. नोंद झाली तर नोटीस येणार, आणि तीही माझ्या, म्हणजे विभागप्रमुखाच्याच घरी. मी घाईनं म्हणालो, "तो काळा भाग टाकीची सावली आहे."

"फोटो सकाळचं हाईत, साहेब. सगळ्या गावाची सावली मावळतीला, तुमचीच तेवढी उगवतीला व्हय?"

रविवारी तो पाहणीला आला. मी आग्रहानं जेवायला बसवलं. बायकोनं ताट नेमकं शेडखालीच वाढलं. तीन वाट्या पांढरा रस्सा पिताना त्यानं वर एकदाही पाहिलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

सोमवारी बघतो तर माझ्या गच्चीवर ठळक निळा रंग. म्हणजे पत्रा.

"अरे, जेवलास ना माझ्याकडं?"

"म्हणूनच की. ज्या पत्र्याखाली वहिनींनी वाढलं, त्यालाच न्हाय म्हणू? खाल्ल्या मिठाला जागाय पायजे, साहेब."

नकाशावर शेवटची सही माझी लागते. मी पेन काढून ती केली.

कागद उचलत तो म्हणाला, "शेड पाडायच्या आत एकदा तांबडा रस्सा पण हू दे की."