फुटकी बाजू बाहेर

जत्रेच्या दिवशी महाडहून सकाळच्या एसटीनं निघालो. पोलादपूर, कापडे मागे टाकून एका वाडीच्या फाट्यावर उतरलो. वाडीचं आणि वरच्या गडाचं नाव लिहीत नाही. गुप्तधन शोधणारे येऊन चौथरे उकरतात, म्हणून वाडीकरांनीच तसं बजावलं आहे.

फाट्यावर सुगंधाकाकू उभ्या होत्या. त्यांचा संतोष माझा कॉलेजमधला मित्र. मी महाडच्या बौद्धवाडीतला, घरातला पहिला पदवीधर. संतोषच्या डब्यात काकू दोघांना पुरेल इतकी भाकरी घालायच्या. त्या भाकरीवर मी बीए झालो.

काकूंनी माझ्यामागे एसटीत डोकावून पाहिलं. "संत्या नाय आला?"

"सुट्टी मिळाली नाही, काकू."

"त्याच्या मालकाच्या घरचा दगड थोडाच ऱ्हातोय!"

पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांच्या तोफांनी या गडाचा दरवाजा उडवला. चिरे खाली वरकशीत (डोंगरउतारावरची शेतं) विखुरले. दरवर्षी देवीच्या जत्रेला प्रत्येक घर त्यातला एक चिरा वर नेऊन दरवाजाच्या जागी रचतं. ठेवणारा मात्र घरचाच लागतो. काकूंचे गुडघे गेले आहेत आणि संतोष मुंबईत, म्हणून गेल्या जत्रेला त्यांचा दगड राहिला.

"यंदा पन चुकला तर आमचं घर वाडीत हाय का नाय, कोन इचारील?" नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि जवळा (बारीक सुकी कोळंबी) वाढताना त्या म्हणाल्या.

"मी नेतो," मी म्हणालो.

अंगणात बसलेले शेजारचे बाळूदादा म्हणाले, "पावन्याचा हात कसा चालंल गो?"

"माझ्या भाकरीवर शिकला. घरचा व्हायला आता डोंबलाचं काय ऱ्हायलंय?"

बाळूदादा हसले. "मग उचल रे, घरच्या! पन माझ्या पायावर टाकू नको, मी मागंच हाय."

पाट्याएवढा तो चिरा खांदे बदलत वर नेताना घामानं शर्ट अंगाला चिकटला. वर पोचलो, तर दरवाजाच्या जागी दोन अर्धवट भिंती आणि मधे नुसतं आकाश. रचलेले दगड जेमतेम कमरेपर्यंत आले होते. मी आमचा चिरा बसवला, घडीव बाजू पुढे करून.

"उलटा रे! फुटकी बाजू बाहेर."

"दादा, वाईट दिसेल ना?"

"तोफ लागली ती दिसाया नको? मग ठेवायचा कशाला?"

मी दगड फिरवला. ज्या पाथरवटानं तो घडवला, त्याच्या छिन्नीच्या रेघा आत गेल्या. वरून हात घालून त्या रेघांवर बोट फिरवताना, कधीच न पाहिलेल्या त्या दरवाजातून एकदा आत जावंसं फार वाटलं.

संध्याकाळी काकूंनी विचारलं, "बसला? हालत नाय ना?"

"नाही, काकू."

त्यांनी लगेच फोन लावला. "संत्या, ठेवला रे दगड. तुझ्या भावानं ठेवला."

परतीच्या एसटीत मोबाइलवर कुठल्याशा युद्धात कोसळलेल्या जुन्या मिनाराचा फोटो आला. ढिगाऱ्याजवळ एकही माणूस नव्हता. तिथलं कोणी कधी परतलं, तर पहिला दगड खांद्यावर चढवून द्यायला त्याच्याजवळ कोणीतरी असू दे, एवढंच महाड येईपर्यंत मनात घोळत राहिलं.